मेंढी करणं आणि मेंढी राखणं: बर्निंग क्रुसेडच्या हिरोइकमधल्या मेजसाठी

प्रश्न असा आला आहे: "ताई, माझा फ्रॉस्ट मेज सत्तर लेव्हलचा झाला. हिरोइकमध्ये टँक मला मून मार्क देतो, मी शीप करतो, पण निम्म्या वेळा ती तुटते आणि बोलणी मी खातो. शीपच्या नादात मीटरवरही सगळ्यात खाली असतो. सीसी सोडून नुसतं डॅमेज करू का? आणि अरेनात शीप इतकी लवकर का सुटते?"

सोडू नकोस. नवख्या वाचकांसाठी आधी शब्द सांगते. मेज म्हणजे जादूगार, फ्रॉस्ट मेज बर्फाच्या जादूचा. हिरोइक म्हणजे पाच जणांनी मिळून करायची अवघड मोहीम, टँक म्हणजे शत्रूंचा मार स्वतःवर घेणारा, आणि मून, स्कल, क्रॉस या शत्रूंवर लावायच्या खुणा. शीप म्हणजे पॉलिमॉर्फ या जादूने शत्रूला काही वेळ मेंढी करणं, सीसी म्हणजे असं शत्रूला लढाईबाहेर ठेवणं. मीटर म्हणजे कोणी किती डॅमेज केलं त्याची यादी, अरेना म्हणजे खेळाडूंची आपसातली लढत. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळाचा बर्निंग क्रुसेड हा भाग 2007 च्या जानेवारीत आला आणि जून 2021 मध्ये क्लासिक म्हणून पुन्हा उघडला. दोन्ही वेळा मी मेजच खेळले. त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. पॉलिमॉर्फ टाकणं हे कामाचं पहिलं दीड सेकंद झालं. धनगर मेंढरं राखतो तसं त्या मेंढीला राखणं, म्हणजे ती कुठे चालली आहे, किती वेळ उरला आहे, तिच्याजवळ कोण काय टाकतंय हे बघत राहणं, हे खरं काम आहे. ते स्कल, क्रॉस सगळे मरून टँक मेंढीकडे वळेपर्यंत चालतं. तुझ्या प्रश्नातल्या बहुतेक अडचणी या दुसऱ्या भागातल्या दिसतात.

आधी मीटरचं बोलू, कारण तिथे तू उगाच शीपला दोष देतो आहेस. पॉलिमॉर्फची चौथी रँक 50 सेकंद टिकते आणि कास्ट, म्हणजे ती टाकायला लागणारा वेळ, दीड सेकंदाचा आहे. दर 40 सेकंदांनी नवी टाकलीस तरी 40 तले दीड सेकंद गेले, म्हणजे चार टक्क्यांहून कमी. बाकी 96 टक्के वेळ फ्रॉस्टबोल्टसाठी मोकळा आहे. मीटरवर तू चार टक्क्यांनी नाही, तीस-चाळीस टक्क्यांनी मागे असशील, तर तो वेळ दुसरीकडे जातो आहे. नवीन मेज बहुतेक वेळा शीपवरून टार्गेट बदलतो, परत स्कल शोधतो, त्यात चुकून तिसऱ्यालाच टार्गेट करतो, मग शीप सुटेल या भीतीने पुन्हा तिच्याकडे बघत हात थांबवून उभा राहतो. हा सगळा वेळ फोकसने, म्हणजे टार्गेटशिवाय आणखी एकाला धरून ठेवायच्या सोयीने, वाचतो. हिरोइक करताना फोकस न वापरणं म्हणजे एक हात बांधून खेळणं आहे. मून मार्क लागला की लगेच त्या मॉबला (शत्रूला) फोकस कर. पॉलिमॉर्फचा मॅक्रो (एका बटणावर बसवलेल्या आज्ञा) असा लिही की फोकस जिवंत असेल तर जादू त्याच्यावरच जावी, तुझं टार्गेट कोणीही असो. मग तुझं टार्गेट कायम स्कलवर राहतं आणि शीप दुसऱ्या बटणावरून, मान न वळवता होते.

याचा आणखी एक फायदा आहे. एका मेजची एका वेळी एकच मेंढी असते. दुसऱ्यावर पॉलिमॉर्फ लागला की पहिला त्याच क्षणी सुटतो. टॅब दाबून शीप करणाऱ्यांची निम्मी तुटलेली शीप अशीच तुटते. मारलं कुणीच नसतं, त्यांनी स्वतःच घाईत दुसरी मेंढी केलेली असते.

आता एक पुल, म्हणजे शत्रूंचा गट ओढून लढाई सुरू करणं, जवळून बघू. शॅटर्ड हॉल्स या हिरोइकची जागा घे, कारण तिथे बहुतेक सगळे ऑर्क म्हणजे ह्युमनॉइड (माणसासारखे) आणि गट मोठे. समज पाच जण उभे आहेत: दोन लीजनेअर, एक शार्पशूटर, एक डार्ककास्टर आणि त्यांना बरं करणारा एक अॅकोलाइट. अॅकोलाइटला स्कल, डार्ककास्टरला मून. मी टँकच्या चार पावलं मागे उभी राहते. 30 यार्डाच्या टोकाशी, पण भिंतीचा कोपरा माझ्या पाठीशी असेल अशी. पार्टीत "शीप करते" एवढंच जातं, तेही मॅक्रोतूनच. दीड सेकंद. डार्ककास्टर मेंढी झाला, जिथे होता तिथेच. बाकीचे चौघे माझ्याकडे धावतात, कारण लढाई मी सुरू केली आणि त्यांच्या यादीत अजून माझंच नाव आहे. या घडीला मी काहीही टाकत नाही. एक फ्रॉस्टबोल्टसुद्धा नाही. मी कोपऱ्याआड सरकते, टँक वाटेत उभा असतो, ते त्याच्या अंगावरून जाताना तो त्यांना उचलतो. शार्पशूटर लांबून मारणारा, पण त्याला मी दिसेनाशी झाले की त्यालाही कोपऱ्यापर्यंत चालत यावं लागतं. दोन-तीन सेकंदांनी टँकने जम बसवला की माझा पहिला बोल्ट स्कलवर.

तू हे वाचून म्हणशील की यात विशेष काय. विशेष हे आहे की मेंढी तिकडे लांब राहिली आणि मारामारी इकडे कोपऱ्याआड झाली. तुझी शीप तुटते त्यातल्या बऱ्याच वेळा, मला वाटतं, मेंढी आणि मारामारी एकाच जागी असतात. रोग या क्लासच्या खेळाडूने सॅप करून गुंगवलेला माणूस जागेवर उभा राहतो, हंटरच्या ट्रॅपमधला गोठून राहतो, पण मेंढी चरत फिरते. ती टँकच्या पायाशी येऊन उभी राहिली की पॅलाडिनचं कॉन्सिक्रेशन, वॉरियरचं थंडरक्लॅप, ड्रुइडचं स्वाइप, यातला आजूबाजूच्यांनाही लागणारा कुठलाही वार तिला उठवतो. पॅलाडिन टँकला मी पुलच्या आधीच एवढं सांगते की शीप डावीकडे राहील, तुम्ही मागे ओढा. चांगला टँक लगेच ऐकतो. तुझ्या प्रश्नातल्या टँकने कधी मागे ओढलं का, ते आठवून बघ. तो जागेवरच उभा राहून कॉन्सिक्रेशन टाकत असेल, तर शीप तुटण्यात तुझा दोष नाही. फक्त ते शांतपणे आणि पुलच्या आधी सांगायचं, तुटल्यावर नाही.

तुझ्या स्वतःच्या हातूनही ती तुटू शकते. फ्रॉस्ट नोव्हा थोडं का होईना डॅमेज करतो, म्हणून जवळच्या मेंढीला उठवतो. कोन ऑफ कोल्ड, ब्लिझर्ड आणि तुझ्या वॉटर एलिमेंटलचं फ्रीझ यांचंही तेच. फायर मेज असशील तर अजून जप: फायरबोल मारल्यावर मागे जळजळ राहते. आधी फायरबोल मारून मग शीप केलीस तर त्या जळजळीच्या पुढच्या चटक्याला मेंढी उठणार. वॉरलॉकचा डॉट (थोड्या-थोड्या वेळाने लागत राहणारा मार) लागलेल्या मॉबवर शीप टाकण्यातही तेच होतं. म्हणून मून मार्कवर कोणाचाही, अगदी कोणाचाही हात पडण्याआधी शीप पडली पाहिजे. आणि मेंढी झालेला मॉब भराभर बरा होतो, त्यामुळे अर्धा मारलेला मॉब शीप करणं म्हणजे पार्टीची मेहनत पुसणं. जीव वाचवायचाच प्रसंग असेल तर जरूर कर, एरवी नको.

आता रेझिस्ट, म्हणजे जादू न लागणं. "कधीकधी लागतच नाही" असं तू लिहिलं नाहीस, पण तेही तुझ्याबाबत होत असणार. कारण हे बहुतेक फ्रॉस्ट मेजना माहीत नसतं. हिरोइकमधले साधे मॉब 70 ते 72 लेव्हलचे असतात. 72 च्या मॉबवर जादू चुकण्याची शक्यता 6 टक्के. तू म्हणशील, माझ्याकडे एलिमेंटल प्रिसिजन हा टॅलेंट (पॉइंट घालून घ्यायचं कसब) आहे, तीन टक्के तिथून मिळाले. ते फक्त फ्रॉस्ट आणि फायरला मिळतात. पॉलिमॉर्फ आर्केन प्रकारची जादू आहे, त्याला त्यातलं काहीच लागू नाही. तुझा बोल्ट जवळजवळ कायम लागतो आणि शीप मात्र सोळा-सतरात एकदा चुकते, त्याचं कारण हे. उपाय दोन. एक, कपड्यांवरचं स्पेल हिट (जादू लागण्याची शक्यता वाढवणारा आकडा), जे सगळ्या जादूला लागतं. सत्तरला साधारण 12.6 रेटिंगला एक टक्का. दुसरा, आर्केन फोकस नावाचा टॅलेंट, पाच पॉइंटांत आर्केनला दहा टक्के. पण नुसत्या शीपसाठी फ्रॉस्टमधले पाच पॉइंट तिकडे नेऊ नकोस, मी नेत नाही. पार्टीत ड्रेनाय वंशाचा शामन किंवा प्रीस्ट असेल तर एक टक्का फुकट मिळतो, तेवढं लक्षात ठेव.

म्हणजे काही शीप चुकणारच. चुकली तर काय करायचं हे आधी ठरलेलं असावं. वरच्याच पुलमध्ये माझा पॉलिमॉर्फ रेझिस्ट झाला समज. पाचही जण सुटले, डार्ककास्टर लांबून कास्ट सुरू करतो. मी आधी त्याचा कास्ट तोडणारा काउंटरस्पेल टाकते. 8 सेकंद त्याची ती विद्या बंद. तेवढ्या वेळात दुसरा पॉलिमॉर्फ आरामात बसतो, तिसऱ्यालाही जागा उरते. काउंटरस्पेल थ्रेट खूप करतो, म्हणजे मॉबचा रोख तुझ्याकडे वळवतो, म्हणून त्यानंतर लगेच स्कलवर तुटून पडायचं नाही. आणि त्या मॅक्रोत आधी चालू कास्ट थांबवण्याची ओळ हवीच, नाहीतर तुझाच अर्धवट फ्रॉस्टबोल्ट काउंटरस्पेलला आडवा येतो. ही ओळ नसल्यामुळे मी पहिल्या महिन्यात कितीतरी कास्ट जाऊ दिले, आणि बटण दाबलं होतं याची मला खात्री असायची.

पुन्हा शीप कधी करायची? बरेच जण तीन-चार सेकंद उरेपर्यंत थांबतात. मी दहा उरले की टाकते. कारण चुकलेला पॉलिमॉर्फ आधीची मेंढी उठवत नाही, फक्त एक प्रयत्न वाया जातो. दहा सेकंदांत मला चार-पाच प्रयत्न मिळतात, तीन सेकंदांत जेमतेम एक. शिवाय मेंढी खांबामागे गेलेली असू शकते, मला दोन पावलं सरकावं लागू शकतं, हातातला बोल्ट पूर्ण व्हायचा असू शकतो. इम्प्रूव्हड फ्रॉस्टबोल्ट घेतल्यावर बोल्ट अडीच सेकंदांचा असतो. मी बारा-तेराला शेवटचा सुरू करते, तो सुटला की फोकसचं बटण. हे मी अजूनही तोंडाने पुटपुटते: "वीस... तेरा... आता." घरच्यांना सवय झाली आहे. तुला ॲडऑन हवा तर लाव, पण पहिले काही दिवस तोंडाने मोज. लढाई किती लांबली आहे याचा अंदाज अंगात बसतो आणि तो घड्याळाच्या पट्टीतून येत नाही.

तरी तुटलीच, तर. सुटलेला मॉब बहुतेक वेळा तुझ्याकडेच येतो, कारण त्याच्याशी तुझ्याशिवाय कुणाचं काही देणंघेणं झालेलं नसतं. पळत सुटू नकोस, पळताना कास्ट होत नाही आणि तू टँकपासून लांब जातोस. तो दहा यार्डात आला की फ्रॉस्ट नोव्हा, 8 सेकंद जागच्या जागी. तू त्याच्या हाताबाहेर मागे सरक, आणि इथे हात आवर: बर्फात अडकलेल्यावर बोल्ट मारण्याचा मोह होतो, पण मारलास की नोव्हा सुटू शकतो. सरळ पॉलिमॉर्फ. नोव्हा कूलडाऊनवर असेल (परत टाकायला अजून वेळ असेल) आणि तो अंगावर मारत असेल तर प्रत्येक फटक्याला तुझा कास्ट मागे ढकलला जातो. तिथे आइस बॅरिअर आधी. ते कवच टिकेपर्यंत कास्ट मागे जात नाही. कवचाखाली उभं राहून, मार खात, दीड सेकंद न हलता शीप पूर्ण करणं हे शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. बोटं आपोआप पळायच्या कीकडे जातात. तिथे जी शांतता लागते ती सरावानेच येते, आणि आली की टँकला कळतं. तो काही बोलत नाही, पण पुढच्या वेळी तुलाच बोलावतो.

मार्क कुणाला द्यायचा हे टँक ठरवतो, पण तुझं मत असलं पाहिजे. माझं मत: जो लांबून कास्ट करतो आणि कोपऱ्याशी ओढला जात नाही, तो मेंढीसाठी उत्तम. हीलर मॉब असेल आणि पार्टीत कास्ट तोडणारे दोघे असतील तर तो आधी मारावा, शीप त्याच्यावर घालवू नये. टँक कच्चा असेल, नुकताच सत्तर झालेला, तर सगळ्यात जोरात मारणाऱ्याला शीप कर आणि कास्टर काउंटरस्पेलवर सांभाळ. सांगताना "मला वाटतं हा घेऊ का" असं विचार; टँकला पुलच्या मधोमध शिकवायला जाऊ नये.

आणि शीप कुणावर चालते ते पाठ असू दे. ह्युमनॉइड, बीस्ट आणि क्रिटर, बस. डीमन, एलिमेंटल, अनडेड, मेकॅनिकल यांच्यावर नाही. मेकॅनारमध्ये ब्लड एल्फ मेंढी होतात, त्यांच्या शेजारचं यंत्र होत नाही. सगळ्यात जास्त मेज फसतात ते काराझान या रेडमध्ये (मोठ्या गटाच्या मोहिमेत), मोरोस या बॉसच्या जेवणाच्या दालनात. त्याच्याबरोबरचे चार पाहुणे माणसांसारखे दिसतात, कपडे माणसांचे, नावं माणसांची. पण ते अनडेड आहेत. तिथे प्रीस्टची शॅकल आणि हंटरचा ट्रॅप, मेजने गप बोल्ट मारावेत. माउस नेला की मॉबचा प्रकार लिहून येतो, पुलच्या आधी एकदा सगळ्यांवरून फिरव. तीन सेकंदांचं काम आहे.

आपल्याकडचा एक प्रश्न वेगळा लिहिते. या खेळाचा सर्व्हर भारतात नाही. मी युरोपातल्या सर्व्हरवर खेळते, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) दीडशे ते पावणेदोनशे मिलिसेकंद. शीपला याने फारसा फरक पडत नाही, दहाचा नियम पाळलास तर. काउंटरस्पेलला पडतो. तुला मॉबचा कास्ट उशिरा दिसतो आणि तुझं बटणही उशिरा पोचतं, म्हणून मॉबच्या कास्टची पट्टी संपत आल्यावर दाबायचा डौल आपल्याला परवडणारा नाही. पट्टी अर्ध्यावर यायच्या आत दाब.

आणि वीज. 2008 मध्ये मी सांगलीत असताना लोडशेडिंगच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला लावल्या होत्या, तरी एकदा वेळेआधी गेली. शॅडो लॅबिरिंथमध्ये पुल नुकताच झाला होता, मेंढी माझी होती. संगणक यूपीएसवर चालू राहिला, मोडेम नाही. समोर सगळे जागच्या जागी चालत होते आणि मला माहीत होतं की तिकडे सेकंद संपत आले आहेत. परत आले तेव्हा पाचही जण मेले होते. माफी मागितली, कुणी रागावलं नाही, पण ते माझ्या मनाला बरेच दिवस लागून राहिलं. त्यानंतर मोडेमही यूपीएसवर घेतला आणि एक सवय लावली: पहिल्या पुलच्या आधी विचारते, "माझी सुटली तर कोण घेईल?" हंटर असेल तर तो ट्रॅप टाकून ठेवतो, रोग असेल तर तो ब्लाइंड राखून ठेवतो, सक्युबस असलेला वॉरलॉक सिड्यूस देतो. अनोळखी पार्टीतसुद्धा हा प्रश्न विचारला की माणसं एकमेकांकडे लक्ष देऊ लागतात.

एक गंमत म्हणून नाही, खरंच आवडतं म्हणून सांगते. ग्रूल्स लेअरमध्ये हाय किंग मौलगारबरोबर क्रॉश फायरहँड नावाचा ओगर असतो. त्याला मेज टँक करतो. त्याच्या अंगावरचं स्पेल शील्ड स्पेलस्टीलने चोरून स्वतःवर घ्यायचं, जादूचा मार पाऊण कमी होतो, आणि त्याने नवं लावलं की पुन्हा चोरायचं. ते चुकलं की एका फायरबोलमध्ये मेज संपतो. तिथे ज्याने दोन-चार महिने हिरोइकमध्ये मेंढी राखली आहे तो मेज डोळे झाकून उभा राहतो, कारण काम तेच आहे: मोजणं, एकाच गोष्टीवर नजर ठेवणं, मारण्याचा मोह आवरणं. तुला रेडमध्ये जायचं असेल तर सीसी न सोडण्याचं हेही कारण धर.

अरेनाचं थोडक्यात. खेळाडूवर शीप जास्तीत जास्त 10 सेकंद. त्याच माणसावर लगोलग दुसरी टाकलीस तर 5, तिसरी अडीच, चौथी लागतच नाही. शेवटची संपल्यापासून साधारण 15 सेकंद त्याला मोकळं सोडलंस की परत दहापासून सुरू. तुझी शीप "लवकर सुटते" ती बहुधा दुसरी किंवा तिसरी असते. तिथे मेंढी राखायची नसते, पार्टनरने बाकीच्यावर जोर लावायचा क्षण आणि पहिली दहा सेकंदं जुळवायची असतात. तुझा पार्टनर कोणत्या क्लासचा आहे ते तू लिहिलं नाहीस. रोग की प्रीस्ट यावर सगळं ठरतं. ते कळव, मग त्यावर वेगळं लिहिते.